साडभाऊंचा निळा बैल

आमच्या साडभाऊंसारखा आदर्श बाप अख्ख्या नागपुरात झाला नाही. फक्त तो काळ त्यांना मूल होण्याच्या आधीचा. बायकोच्या बहिणीचे हे यजमान तेव्हा दर रविवारी प्रताप नगरातून आमच्याकडे यायचे ते माझ्या दोन पोरांना नव्हे, मला वळण लावायला. मी धाकट्याला बागुलबुवाची भीती घालून दोन घास भरवत असलो की शेजारी बसून हळहळायचे. "चुकून राहिलं भाऊ तुमचं. पोरगं जन्मभर भित्रं राहीन." पुढे त्यांना मुलगी झाली आणि फ्रिजवर नियमांचा कागद लागला. भीती घालायची नाही, मोबाईल द्यायचा नाही, दुसऱ्यांच्या पोरांशी तुलना करायची नाही. आणि खाली लाल शाईत, लेकराने स्वतः केलेल्या कामाला हात लावायचा नाही.

पहिला गेला मोबाईलचा नियम. लेक दीड वर्षाची झाली आणि जेवताना तोंड घट्ट मिटून बसायला लागली. साडभाऊंनी गाणी म्हटली, कुकरच्या शिट्ट्या काढल्या, एकदा टॉवेल गुंडाळून हत्तीसुद्धा झाले. एका रविवारी आम्ही न सांगता गेलो, तर बाईसाहेब मजेत वरणभात खात होत्या आणि समोर मोबाईलवर जेसीबी माती उपसत होता. "मोबाईल नाही दाखवून राहिलो," ते माझी नजर चुकवत म्हणाले, "यंत्रांची ओळख करून देऊन राहिलो." मी गुमान चहा प्यायलो. अशा वेळी टोमणा मारायला फार सुरसुरी येते, पण माझंही घर काचेचंच होतं.

लाल शाईचा नियम मात्र त्यांनी पाच वर्षं जिवापाड सांभाळला. पोरगी उलटा फ्रॉक घालून लग्नाला आली तरी माणूस ढिम्म. मग तिचा पहिला तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून मैदानात आणतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. सजवतात अर्थात आईबापच. साडभाऊंच्या लेकीने मात्र आपला बैल आपणच रंगवला, शिंगांपासून शेपटीपर्यंत निळा, आणि पुढच्या पायाला बँडेजची पट्टी लावली. "लागलंय त्याला," ती म्हणाली.

त्या दुपारी आम्ही तिथेच जेवायला होतो. शेजाऱ्यांचा बैल मखमली झूल नि घुंगरं लेवून फाटकासमोरून गेला आणि साडभाऊंचा घास हातातच राहिला. लेक झोपली होती. त्यांनी बैल अंगणात नेला, पांढराशुभ्र केला, शिंगं सोनेरी केली, पट्टी काढून टाकली. मी बघत होतो आणि मीही त्यांना अडवलं नाही, हे कबूल करतो.

लेक उठली. बैलाकडे पाहिलं, वाकून त्याचा पाय पाहिला आणि म्हणाली, "हा माझा नाही. माझा कुठं गेला?" साडभाऊ म्हणाले, हाच तो. तिने ऐकलं नाही. पलंगाखाली, दारामागे, अंगणात ती त्याला शोधत फिरली. शेवटी मोठ्या माणसासारखी शांत बसून तिने विचारलं, "तुम्ही खोटं बोलता का, बाबा?"

साडभाऊ खाली फरशीवर बसले. "हो वं माय. मीच रंगवला. लोक हसतीन म्हणून मले लाज वाटली."

"काहून?" तिने विचारलं. साडभाऊ उठले, फडकं आणलं. रंग ओला होता म्हणून बरं. बापलेकीने मिळून तो पुसला, खालचा निळा फिकट होऊन का होईना परत आला, आणि साडभाऊंनी नवी पट्टी कापून दिली. मैदानात काही बक्षीस मिळालं नाही. घरी आल्यावर त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला आणि घडी करून खिशात घातला.

लेक आता सातवीत आहे. यंदा तिने सांगून टाकलं, मी मोठी झाले, बैल वगैरे नको. ती मैत्रिणीकडे गेली. तान्ह्या पोळ्याला मी गेलो तेव्हा साडभाऊ एकटेच बैल मांडीवर घेऊन बसले होते आणि जुन्या पट्टीचा डिंक गेला म्हणून नवी चिकटवत होते.

"आता काहून, भाऊ?" मी विचारलं.

"लागलंय त्याले," ते म्हणाले, आणि पट्टीवरून हळूच अंगठा फिरवत राहिले.