कादंबरी छापल्याचे पेढे

धीर द्यायला गेलो आणि शेजारच्या वहिनींची मजाच घालवून बसलो.

वहिनी एका जुन्या कादंबरीकारानं बायकोला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक वाचतात. दुपारच्या चहासोबत रोज एकच पत्र, जणू पोस्टमन आत्ताच टाकून गेला. मध्येच त्याला दमही देतात, "आरं, येवढा जागून राह्यला, डोळे जातील ना!" त्याची कादंबरी प्रकाशक परत पाठवत होते, म्हणून वहिनींचं तोंड उतरलेलं. मी म्हणालो, "छापली ती. आम्हाला कॉलेजात होती."

त्यांनी कानांवर हात ठेवले. "भाऊजी, बिलकुल सांगू नका!"

परवा त्या राजूरच्या गणपतीला जाऊन आल्या आणि गल्लीभर पेढे वाटत सुटल्या. "घेतली हो छापायला! कालच्या पत्रात कळवलंय त्यानं!"

कशाचं ते न विचारताच गल्लीनं अभिनंदन केलं.

"मी सांगितलंच होतं की," मी म्हणालो.

"तुमचं सांगोवांगी, भाऊजी. आता त्यानं सोता लिहिलंय."

घरात बायको पेढा खात म्हणाली, "तुमची कपाटातली गोष्ट छापून आली, तर मीबी वाटीन. आधी पाठवा तर खरं."