फोटोला घातलेला हार

माझा थोरला भाऊ सीमेवरून परत आला, पण ते त्याला मान्य नाही. बंकरमध्ये त्याच्या शेजारचा जवान गेला. भाऊ म्हणतो, गेला तो मीच. ज्या बायकोला तो 'अगं' म्हणायचा तिलाच विचारतो, "बाई, अजून मिस्टरांची वाट बघताय?" सुरुवातीला वहिनी चिडायची. मग "येतील, तुम्ही जेवून घ्या" म्हणायला शिकली. त्या 'येतील'वर घर चाललं होतं.

मी कॉलेजात साहित्य शिकवायचो. गोष्टीतल्या नायकाला हुबेहूब आपल्यासारखा दुसरा भेटतो, तो त्याची नोकरी नाहीतर बायको बळकावतो, शेवटी दोघांतला एक मरतो आणि लेखक सुटतो. यावर मी तास रंगवायचो. आमच्या घरातल्या दुसऱ्याला काहीच बळकावायचं नव्हतं. तो अंगणात सुपारी सोलत बसायचा आणि चहा दिला की पाहुण्यासारखा संकोचायचा.

यंदा स्वातंत्र्यदिनी श्रीवर्धनातल्या एका मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. चारचौघांत नाव पुकारलं की हा 'हो' म्हणेल, ही वहिनीची आशा. तिनं शर्टाला कडक इस्त्री केली.

स्टेजवर समई, समईमागे भावाचा वर्दीतला मोठा फोटो, शेजारी तबकात हार. हार अर्थात भावासाठी. प्रमुख पाहुणे उशिरा आले. पुढचा कार्यक्रम म्हसळ्याला होता. त्यांनी समई पाहिली, फोटो पाहिला, हार उचलून फोटोला घातला आणि माइकवर म्हणाले, "या वीराला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

साहेबांना अडवणार कोण? सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेतला भाऊही उठला, टाचा जुळवून. त्या सभेत त्याच्याइतकं ताठ कुणीच उभं नव्हतं.

अध्यक्ष नंतर धावत आले. "काका, चुकून झालं हो! साहेब घाईत होते."

"चुकून कसं? बरोबर झालं," भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं कुणी केलंच नव्हतं."

घरी आल्यावर त्यानं वहिनीला समोर बसवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "बाई, आता वाट बघू नका. तुमचे मिस्टर गेले."

"दादा, काहीतरीच काय बोलतोस!"

"मास्तर, तुम्ही मध्ये पडू नका. रडू द्या त्यांना."

आणि वहिनी खरंच रडली. "अहो वहिनी, हा काय समोर बसलाय," मी सांगत राहिलो. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सावरला, परक्या पुरुषापुढे सावरतात तसा.