पोटकाका आणि सुरूवरचं जाळं

पोटकाका माणसांशी बोलण्याआधी घोडीचं पोट ऐकायचे. टोपी काढून खिशात कोंबायची, कुशीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. आधी डावीकडून, मग उजवीकडून. तेवढ्यात कोणी नुसतं खोकलं तरी हात वर करून दटावायचे. म्हणून अख्खं रेवदंडा त्यांना पोटकाका म्हणे. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डालाच ठाऊक असेल.

तरुणपणी ते टांगा हाकत. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोड्यांचं वेड मात्र गेलं नाही. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायला मी शेवंती घेतली, तेव्हा मला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काका न बोलावता आले, तिचे खूर उचलून पाहिले, दात पाहिले आणि म्हणाले, "घोडी झ्याक हाय. मालकाचं काय ते बघावं लागंल." त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले.

पोट ऐकायला मात्र ते तिला किनाऱ्यावरून थेट आत, चौलच्या सुपारीच्या वाडीत न्यायचे. जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. इकडे गिऱ्हाइकं खोळंबलेली, माझा जीव वरखाली. "इथंच ऐका की काका! वाडीत गेल्यावर पोट काय बदलतंय?" "हितं न्हाय," एवढंच म्हणायचे आणि चालू लागायचे. म्हाताऱ्याची लहर, दुसरं काय, असं मी धरून चाललो.

दुसरं वेड जाळ्याचं. कोळीवाड्यातून मासेमारीचं एक फाटकं जाळं मागून आणून त्यांनी ते सुरूच्या झाडाला टांगलं आणि त्यात गवत भरलं. "खाली टाकू नकोस. गवताबरोबर वाळू खाते ती. आत गेलेली वाळू बाहेर यायचं नाव घेत न्हाय." मधूनच तिची लीद बादलीभर पाण्यात कालवायचे, आणि तळाशी वाळू बसते का ते वाकून बघायचे. बघणाऱ्यांना हसू यायचं. मलाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी ते महिनाभर तळा गावी, तिच्या घरी गेले. निघताना म्हणाले, "रोज कान लाव. जाळं हाय तसं राहू दे." मी जोरात मान हलवली. आणि चौथ्याच दिवशी जाळं काढलं! नाताळची गर्दी होती, लोकांना घोडीबरोबर फोटो हवे होते आणि मागे लोंबणारं जाळं त्यांना घाण वाटत होतं. गवत वाळूवर टाकलं. थोड्या दिवसांत काय होतंय! कान मात्र रोज लावत होतो, पण किनाऱ्यावरच. वाडीत जायला वेळ कोणाला होता?

तिसरा आठवडा संपत आला आणि एका सकाळी शेवंतीने गवताला तोंड लावलं नाही. सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पुढच्या पायाने वाळू उकरत होती. मी कान लावला. लाटांची सळसळ ऐकू आली. समोर समुद्रच होता. मी निर्धास्त झालो, तरी ती खात नव्हती म्हणून काकांना फोन लावला.

"पोट ठीक आहे काका. लाटांमुळे नीट ऐकू येत नाही, एवढंच."

"कुठं उभा ऱ्हाऊन ऐकलंस?"

"किनाऱ्यावर."

काका म्हणाले, "वाडीत ने तिला. आत्ताच्या आत्ता. आनि परत ऐक."

चालताना ती दोनदा थांबली. वाडीत एक पान हलत नव्हतं. समुद्र इतका मागे राहिला होता की त्याचा मागमूसही नव्हता. मी कान लावला. लाटा तशाच येत होत्या. वाळूवर पाणी सरकावं तसा तो आवाज तिच्या पोटातून येत होता. मी तिथूनच अलिबागला फोन लावला.

अलिबागहून गुरांचे डॉक्टर आले. नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शनं दिली. दुपारी शेवंती तबेल्यात आडवी झाली. काका मिळेल त्या एसटीने आले. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता गुडघ्यांवर बसले, कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. "पोट गप झालं," म्हणाले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी शिव्यांची वाट बघत होतो. काका म्हणाले, "माझी चूक. वाडीत का नेतो ते तुला कधी सांगितलंच न्हाय. म्हटलं, रोज बघतोस, कळलं असंल." जाळं मी काढलं होतं हे कबूल करायची माझी छाती झाली नाही. ते जाळं तबेल्यातच घडी घालून कोपऱ्यात पडलं होतं. त्यांनी ते पाहिलं, उचललं, पिशवीत भरलं आणि तळ्याला परत गेले. नंतर ते रेवदंड्याला आलेच नाहीत.

दोन वर्षांनी मी दुसरी घोडी घेतली. आणायच्या आधी तळ्याला गेलो. काका अंथरुणाला खिळले होते. मला वाटलं, ओळखणारही नाहीत.

"कुठं उभा ऱ्हाऊन ऐकशील?" त्यांनी एवढंच विचारलं.

"वाडीत, काका."

त्यांनी मुलीला खूण केली. तिने खुंटीवरचं जाळं काढून आणलं. फाटलेलं सगळं त्यांनी विणून काढलं होतं, एक भोक शिल्लक नव्हतं. ते माझ्या हातात देत म्हणाले, "या खेपेला काढू नकोस."