चालू मशीनला हात नको

आमच्या साहेबांच्या घरचा भोसरीत लेथचा कारखाना. तिथली एकच शिकवण ते सॉफ्टवेअर कंपनीत घेऊन आले होते: चालू मशीनला हात लावायचा नाही. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि वर्षभर जुन्या कोडला लांबूनच नमस्कार. शिकलेली माणसं, काय बोलावं आता!

आम्ही कारखान्यांसाठी ब्राउझर बनवायचो. मशीनशेजारच्या स्क्रीनवर कामाची पानं तेवढी उघडायची, बाकी सगळ्याला बंदी. एके दिवशी चाकणच्या एका कंपनीतून तक्रार आली. एका कंत्राटी ऑपरेटरच्या स्क्रीनवर जुगाराची जाहिरात सापडली होती. बंदी तोडली म्हणून त्याला घरी बसवलं होतं. तो बिचारा सांगत होता, "म्या कायबी केलं न्हाई. टूलच्या कॅटलॉगवर बोट ठेवलं, तर नव्या खिडकीत हे आलं."

साहेब म्हणाले, "ही लोकं लई बेरकी असतात राव. केली असणार काहीतरी खटपट." वा रे वा! नाचता येईना, अंगण वाकडं.

मी कोड उघडला. नवी खिडकी उघडली की जुन्या खिडकीचे सगळे नियम तिच्यात कॉपी व्हायला हवेत. ते कॉपी करणारा भाग फार पूर्वी कुणीतरी एकेक नियम हाताने लिहून केलेला. पुढे साहेबांनी स्वतः बंदीचा नियम वाढवला, पण कॉपीच्या भागात तो घातलाच नाही. का? तर तो भाग चालू होता! बाकी सगळं कॉपी व्हायचं, बंदी तेवढी मागे राहायची. मी एक ओळ घातली आणि जाहिरात अडली. एवढ्याशा ओळीपायी एक खरं बोलणारा माणूस लबाड ठरला होता. माझं डोकंच फिरलं.

साहेबांनी चाकणला कळवलं, "ब्राउझरची सुरक्षा आणखी वाढवली आहे." चुकीबद्दल अवाक्षर नाही. आपला तो बाब्या!

शेवटी मीच तिथल्या सुपरवायझरला फोन लावला. "दादा, चूक आमची होती. त्या माणसाला परत घ्या."

"आवो ताई, त्याला कवाच काढला. त्याच्या जागी दुसरा लावलाय की."

साहेब शेजारीच उभे होते. "बघ, मिटलं ना?" म्हणाले आणि चहाला गेले.

त्या खंडेनवमीला ते हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, "साहेब, आधी त्या माणसाच्या पाया पडून या. मग इथं कुंकू लावा."

ते पुढच्या टेबलाकडे वळले.