पत्र्याच्या पेटीतलं इंटरनेट

गेम विकत घेतला आणि गेम घरात नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभाच राहिलो. मुलीने नाशिकहून सुट्टीला येताना गेमचं यंत्र आणलं होतं आणि नवा गेमही घेतला होता. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर एक पट्टी आली. ती भरली की गेम घरात आला, असं मुलगी म्हणाली. पट्टीखाली अजून लागणारा वेळ लिहिलेला होता, आणि तो तासांत नव्हता, दिवसांत होता. माल ताब्यात आल्याशिवाय मी आयुष्यात कोणाच्या हातावर पैसे ठेवलेले नाहीत. इथे पैसे देऊन झाले होते आणि माल अजून वाटेतच होता.

मी मिरचीचा व्यापारी. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर मिरची वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. दुसऱ्याच्या पथारीवर मिरची पसरायला मजूर म्हणून लागलो, आता पथारी माझी आहे आणि घर तिला लागून आहे. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. पण एका माणसाशी भाव करता येत नाही, तो म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्या दाजींचा गावात इंटरनेट जोडून देण्याचा धंदा आहे. त्यांनी दर सांगितला, मी तोंड उघडलं, आणि बायकोने डोळे वटारले. जावयाशी कोणी घासाघीस करतं का, म्हणाली. त्यांनी सांगितला तोच दर मी दिला. ते मनात राहून गेलं. न घासता घेतलेली वस्तू पुरी भरली, असं मला कधी वाटतच नाही.

घाई होती ती अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. अखाजीला लेक माहेरी येते. माझ्या बहिणीचं सासर याच गावात आहे, रिक्षाने पोचता येतं, तरी तिला आणायला मुऱ्हाळी पाठवावा लागतो, त्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. आली की दुपारी झोक्यावर आणि संध्याकाळी माझ्या मुलीसोबत टीव्हीसमोर. फुई, म्हणजे आत्या, आणि भाची गाड्यांच्या शर्यती खेळतात, एकमेकींना शिव्या घालतात, आणि आमचं घर भरतं. या वेळचा नवा गेम त्या दोघींसाठीच होता. फुई यायच्या आत तो उतरला पाहिजे, एवढंच मुलीचं म्हणणं होतं.

तिने काय काय करून पाहिलं. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. डाउनलोड चालू असताना मागे दुसरा गेम उघडा राहिला की वेग पडतो म्हणून तो बंद केला. आम्हा सगळ्यांना मोबाइलचं वायफाय बंद करायला लावलं. पट्टी जागची हलेना. मग ती राउटरच्या पेटीबद्दल काहीतरी बोलायला लागली. मी तिला मध्येच थांबवलं, कारण दोष कुठे आहे ते मला कळलं होतं.

मी तडक दाजींच्या दुकानावर गेलो. ते समोरच्या टपरीवर चहा पीत होते, बाजारातली ओळखीची माणसं बाजूला होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दाजी, तुम्ही काटा मारतस."

वजनात चोरी करणाऱ्याला आमच्याकडे असं म्हणतात. मिरची बाजारात याहून वाईट बोलणं नाही, त्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. दाजींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते दुकानात गेले. मला वाटलं, उत्तर नाही म्हणजे पकडले गेले.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला, तोही बायकोला. या अखाजीला ती येणार नव्हती. बायकोने फोन ठेवला आणि मला एवढंच सांगितलं. फोन माझ्याकडे द्यायलासुद्धा बहिणीने सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तिची एकही अखाजी चुकलेली नाही. ती आजारी असतानाही आली होती. मला जेवण गेलं नाही. पण राग त्याहून मोठा होता. चोरी त्यांची आणि रुसायचं त्यांनीच? मी ठरवलं, हे सिद्ध करून दाखवायचं.

माल कुठे कमी भरला हे शोधायची आमची एक रीत आहे. शेतात तोलायचा, गाडीत चढवताना तोलायचा, गोदामात उतरवताना पुन्हा तोलायचा. ज्या टप्प्यावर घट दिसेल तिथे चोर. मुलीला म्हटलं, लॅपटॉप आण, इंटरनेट तारेतून घरात शिरतं तिथेच आधी तोलू.

तार जिन्याजवळ शिरते. तिथेच भिंतीवर माझी पेटी आहे. वाळलेल्या मिरचीची धूळ वाऱ्याबरोबर घरभर येते आणि विजेच्या वस्तूंत शिरून त्या खाऊन टाकते. पथारीवरचे दोन इलेक्ट्रॉनिक काटे माझे असेच गेले होते, तेव्हापासून काटा मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. राउटर आला तेव्हा त्याच कारागिराकडून तशीच पेटी करून घेतली, झाकण घट्ट, वर कुलूप. मी कुलूप उघडलं. मुलीने राउटरला तार लावून वेग मोजला. दाजींनी कबूल केला होता तेवढा पुरा होता, वर थोडा जास्तच.

मी आकडा दोनदा वाचला. मग म्हटलं, झाकण लाव आणि टीव्हीजवळ जाऊन मोज. वेग जवळजवळ नाहीसा झाला. झाकण उघडलं, वेग आला. लावलं, गेला. मी किती वेळा ते झाकण उघडलं आणि लावलं मला आठवत नाही. पत्र्यातून हवेतलं इंटरनेट बाहेर पडत नाही, एवढीच गोष्ट होती. चोरी माझ्याच जिन्यात होत होती आणि किल्ली माझ्या खिशात होती.

मुलगी बाजूलाच उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"पहिल्याच दिवशी सांगत होते, पप्पा. तुम्ही म्हणाले, मिरचीचा धंदा तू करतेस का मी?"

बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "माले बी माहीत व्हतं."

त्यांच्याकडून मला आणखी कळलं की पेटी बसवली तेव्हाच दाजींनी बायकोला हे सांगून ठेवलं होतं, मला नाही. पेटीचा धक्का एकवेळ पचला असता. पण घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्यापर्यंत येऊ शकली नाही, याने मी खरोखर सुन्न झालो.

राउटर पेटीतून काढून टीव्हीजवळ उंच फळीवर ठेवला आणि यंत्राला थेट तार जोडली. पट्टी पळायला लागली आणि जेवणं होईपर्यंत भरली. मुलीने गेम उघडला नाही. फुई येणार नाही तर कोणाशी खेळू, म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

मग मुऱ्हाळी म्हणून मीच बहिणीकडे गेलो. दार दाजींनी उघडलं, पाणी दिलं. मी पेटीचं सांगितलं आणि तेव्हाच मला का बोलला नाहीत, असंही विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "दादा, तुमना घरमा तुमनी चूक तुमले सांगनारा माणूस मी अजून देखा नही."

मी म्हटलं, मालात खोट दिसली तर गिऱ्हाइकाला सांगायची असते. ते मी आजही म्हणतो. तेवढ्यात बहीण पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"जठे बोलना व्हता, तठेच जाईसन बोल. मंग मी येसू."

मी घासून पाहिलं. इथे बोलतो, शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर बोलतो. ती ऐकून न घेता आत गेली. माझीच बहीण ती.

अखाजीच्या सकाळी मी टपरीवर गेलो. गर्दी नेमकी जास्त होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दाजीना काटा बराबर शे. चूक मन्हा घरनी पेटीनी व्हती." टपरीवाल्याने चहा गाळता गाळता विचारलं, कोणती पेटी? आता ती सांगणं आलं. पत्रा, झाकण, कुलूप, सगळं सांगावं लागलं. एकाने विचारलं, इंटरनेट पळून जाईल म्हणून कुलूप लावलं होतं का. टपरी हसली. माझ्या अंगाची आग झाली. दुसरा कुठला दिवस असता तर त्याची कॉलर माझ्या हातात असती. मी तसाच उभा राहिलो, आणि माझं मलाच नवल वाटलं.

दाजी दुकानाच्या पायरीवरून सगळं ऐकत होते. त्यांनी मला हाक मारली नाही. मोटरसायकल काढली, आणि दुकानाच्या आतून बहीण पिशवी घेऊन आली व मागे बसली. बायकोला माहेरी पोचवायला नवरा स्वतः निघालेला मी आमच्यात तोवर पाहिलेला नव्हता. गाडी माझ्या घराच्या रस्त्याला वळली. मी चहाचा पेला तिथेच ठेवला आणि चालत त्यांच्या मागे निघालो.