बांधावरची बाज

फौजेतून परतलेल्या कुणालाही कुरुंद्यात मेजरच म्हणतात. आमच्या शेतशेजाऱ्यांची नोकरी शिपाई म्हणून संपली, तरी तेही मेजर. हळद शिजवून वाळत घातली की आम्ही आळीपाळीनं एकमेकांच्या हळदीची राखण करतो. ते येताना स्वतःची बाज अन् पाण्याची कळशी घेऊन येतात. माझ्या आंब्याखाली गार सावली असते, पण बाज टाकतात बांधावर, उन्हात. मला रागच यायचा. एवढं परकं मानतो का हा माणूस?

यंदा हॉटेलात चहा पिताना मी म्हणालो, "मेजर, एखाद्या बड्या मित्रदेशाची फौज आपल्या सरहद्दीवर आणून बसवली, तर शत्रूची काय बिशाद?"

त्यांनी कप खाली ठेवला. "काहून? आपल्या पोरायचे हात मोडले का?" मग आवाज उतरला. "आमी श्रीलंकेत गेलतो, मदतीलाच. आधी लोकायनं हार घातले. मग तेच इचारू लागले, जाता कधी? लई लागलं मनाला. पण बराबर होतं त्यायचं. म्या बी तेच इचारलं असतं."

"मग?"

"हुकूम आला, निघालो. मान ताठ होती."

पुढच्याच आठवड्यात मी हळद त्यांच्यावर सोपवून लग्नाला गेलो. परतलो तेव्हा मला लांबून पाहूनच त्यांनी बाज उचलली.

"बसा की मेजर, चहा टाकतो."

"तुमी आले ना आता," ते म्हणाले, अन् डोक्यावर बाज घेऊन, ताठ मानेनं आपल्या शेताकडं निघाले.