आबांचं इंजिन आणि साबुदाण्याचे पापड

मी आयुष्यात एकदाही विमानात बसलेलो नाही. पण माझ्या कपाटात विमानाची पंचवीसएक इंजिनं आहेत.

घाबरू नका. लिंबाएवढी, फार तर पेरूएवढी. खेळण्यातल्या विमानांना पूर्वी अशी खरीखुरी, धूर सोडणारी, किंचाळणारी इंजिनं असायची. आता ती कुणी बनवत नाही. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत गंजत पडलेली ही इंजिनं शोधायची, पुसायची आणि पुन्हा चालू करायची, हा माझा छंद. (बायको ‘छंद’ म्हणत नाही. ती जे म्हणते ते छापता येत नाही.)

पोटासाठी मी बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर देखरेख करतो. संध्याकाळी बाल्कनीत इंजिन चालवायचो, पण या इंजिनाला लागतं रॉकेल, ईथर आणि एरंडेल. ईथरच्या वासानं शेजारच्या काकूंना वाटलं, आमच्याकडं कुणाचं ऑपरेशन चाललंय! सोसायटीनं बंदी घातली. त्यातच मेव्हणीचं, पल्लवीचं लग्न ठरलं आणि बायकोला साड्या ठेवायला कपाट हवं झालं.

“या रविवारी इंदापूरला जाऊ तेव्हा सोबत घ्या एक,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर चालू झालं तर ठेवा. नाही झालं तर सोमवारी भंगारवाला.”

मी एक जुनं, विदेशी, माझ्याहून वयानं मोठं इंजिन उचललं. ते माझ्याकडं आल्यापासून एकदाही चालू झालं नव्हतं. दुसरं चालणारं का नाही नेलं? कारण मी मूर्ख आहे. पुढं वाचा.

सासुरवाडी इंदापूरजवळ शेतात. सासूबाई आणि बायको शेजारच्या वस्तीवर लग्नाचं सांगायला गेल्या होत्या. मी इंजिन फळीवर बोल्टनं आवळलं आणि फळी गोठ्यातल्या गव्हाणीला तारेनं बांधली. सासरे, म्हणजे आबा, धोतराचा सोगा सावरत आले. तरुणपणी विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी एकट्यानं चालवलेलं, त्यामुळे इंजिन हा त्यांचा हक्काचा विषय.

“जावईबापू, ह्याला हँडल कुठाय?”

“हँडल नाही आबा. पंख्याला बोटानं टिचकी मारायची.”

“टिचकी? मग ह्ये इंजिन हाय का कॅरम?”

मी टिचक्या मारायला लागलो. इंजिन ढिम्म. मधूनच पंखा उलटा फिरून बोटावर सपकन बसे आणि मी “आई गं!” करून नाचे. गोठ्यातली जर्सी गाय रवंथ थांबवून माझ्याकडं बघत होती.

“हवा धरली आसंल,” आबा म्हणाले.

“दाजी, पूजा-बिजा केली होती का?” पल्लवी मोबाइलवर व्हिडिओ काढत म्हणाली.

“आन् ऊन डोळ्यावर येतंय तुमच्या,” आबा म्हणाले. “फळी फिरवा की तिकडं!”

फळी फिरवली. आतापर्यंत इंजिनाची पाठ उसाकडं होती, ती आता अंगणाकडं झाली. आणि अंगणात दोन बाजांवर साड्या अंथरून त्यावर पल्लवीच्या रुखवताचे साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते. लाल, हिरवे, पिवळे. सासूबाई आठवडाभर त्यासाठी राबत होत्या. हे मला दिसलं का? दिसलं. त्याचा अर्थ डोक्यात शिरला का? छे!

मी वैतागून एक शेवटची टिचकी मारली आणि...

ट्रर्रर्रर्रर्र!!!

काय आवाज! काय तो निळा धूर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं आनंदाचं, बरंचसं धुराचं.) आबांनी टोपी काढून हवेत हलवली. “हाण तिच्या मारी! चाललं की वो!”

“दाजी! पापड!” पल्लवी किंचाळली.

पंखा वारा मागं फेकतो. मागं पापड. वाळून कागदासारखे हलके झालेले. आधी एक उठला, मग चार, मग अख्खी बाज! एक तुळशीवर बसला, एक माझ्या मोटारसायकलच्या आरशावर, एक वासराच्या डोक्यावर टिळ्यासारखा चिकटला. विमानाच्या त्या इंजिनानं जन्मात पहिल्यांदा कशाला तरी उडवलं होतं आणि ते माझ्या मेव्हणीचं रुखवत होतं!

“बंद करा!” पल्लवी.

“ऱ्हाऊ द्या! ऱ्हाऊ द्या!” आबा. त्यांची अंगणाकडं पाठ होती.

या इंजिनाला बटण नसतं. तेलाचा स्क्रू पिळून बंद करायचं. मी घाईघाईत पिळला. उलटा! आवाज दुप्पट झाला. आता इंजिन वाऱ्याबरोबर न जळलेलं एरंडेलही फवारू लागलं, उरलेल्या पापडांवर, अगदी सगळीकडं सारखं. शेवटी मी तेलाची नळीच चिमटीत दाबली. शांतता. आबा वळले, अंगण बघितलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“आता तुमची सासू आपल्याला जित्ता ठिवत न्हाय,” ते हळूच म्हणाले.

मग आम्ही तिघांनी जे पापड वेचले! पल्लवी तुळशीतले, आबा गोठ्यातले, मी उसातले. प्रत्येक पापड मी खिशातल्या रुमालानं पुसून जागेवर ठेवला. (हाच रुमाल मी मघापासून इंजिन पुसायला वापरत होतो, हे पापड संपल्यावर लक्षात आलं.)

“आईला एक शब्द बोलायचा न्हाय,” पल्लवीनं शपथ घातली.

एवढ्यात सासूबाई आणि बायको आल्या. आणि त्यांच्या मागोमाग जीपमधून पल्लवीचे होणारे सासरे! वडगाव निंबाळकरहून खास लग्नाच्या तयारीचं बोलायला.

“बघा की, पापडांना काय चकाकी आलीया!” सासूबाई बाजेजवळ कौतुकानं म्हणाल्या. “थांबा व्याही, गरम गरम तळूनच आणते.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पल्लवीकडं बघितलं. पल्लवीनं आभाळाकडं बघितलं.

ताट आलं. व्याह्यांनी हात पुढं केला. आणि मी ताट ओढलं!

“अहो, काय करताय?” बायको दातओठ खात म्हणाली.

“मला... मला फार आवडतात,” मी म्हणालो आणि दोन पापड एकदम तोंडात कोंबले.

तोंडात एरंडेल, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू! व्याह्यांनी एक घेतला की मी तीन खायचो. पल्लवीचा संसार वाचवायला माझ्याकडं तेवढा एकच मार्ग होता.

“जावई लई खादाड हायत,” व्याही खूश होऊन म्हणाले. “पर चव खरंच येगळी हाय! थोडे घरी बांधून द्या, वहिनी.”

आणि सासूबाईंनी पिशवीभर दिले.

माझं पुढचं वर्णन करत नाही. कारखान्यात रजा टाकली एवढंच सांगतो. सकाळी आडवा पडलो होतो, तेव्हा आबांचा फोन आला. आवाज गंभीर.

“जावईबापू, व्याह्यांचा फोन आल्ता.”

माझ्या पोटात गोळा आला. (आधीचा गेला होता, हा नवा.) “लग्न मोडलं का हो आबा?”

“काय म्हायती हाय का? त्यांच्या घरात समद्यांची पोटं अशी साफ झाल्यात, की इचारू नका! व्याह्यांना किती वरसं खडा धरत होता म्हणं. आज पयल्यांदा मानूस हसत हसत भाईर आलं. अजून पापड मागत्यात!”

सासूबाईंनी आनंदानं दुसरे केले. व्याह्यांनी ते खाल्ले आणि कळवलं, “छान हायत, पर त्यो गुण न्हाय.” सासूबाई हैराण. साबुदाणा तोच, मीठ तेच! शेवटी पल्लवीला राहवलं नाही. तिनं होणाऱ्या नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, वर तो व्हिडिओही पाठवला. त्यानं तो वडलांना दाखवला. व्याही इतके हसले म्हणे, की खाटेवरून खाली आले. सासूबाई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “त्ये कसं फवारतं वो?”

बायकोनं कपाट मागितलं नाही. तिनं साड्यांसाठी नवीन घेतलं आणि जुनं कायमचं माझ्या नावावर सोडून दिलं. ते पेरूएवढं इंजिन मात्र आबांनी ठेवून घेतलं. रोज सकाळी धार काढून झाली की ते टिचक्या मारत बसतात.

लग्न थाटात झालं. मांडवात व्याह्यांनी मला हाताला धरून त्यांच्या मामांपुढं उभं केलं.

“ह्ये सूनबाईचे दाजी. बारामतीला इंजिनियर हायत.”

मी नुसता सुपरवायझर, पण छाती फुगवली.

“कसले इंजिनियर?” मामांनी विचारलं.

“पोटाचे!”

मामा एकदम सरसावले. आजूबाजूला बघून माझ्या कानाशी आले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, “मग पाव्हणं, ग्यासवर काय हाय का तुमच्याकडं?”

“न्हाय मामा,” मी म्हणालो, “आमचं समदं एरंडेलावर चालतं.”